पर्पेतुआची रोजनिशी : एका रक्तसाक्षीची साक्ष आणि तिच्या पूजनाचा इतिहास

१/
इ.स. २०३, ७ मार्च. रोमन आफ्रिकेची राजधानी कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिस शहराचा परिसर. सम्राटाचा धाकटा मुलगा गेता याच्या वाढदिवसानिमित्त लष्कराने खेळ भरवले आहेत. हिंस्र पशूंपुढे टाकण्यासाठी पाच ख्रिस्ती कैदी राखून ठेवले आहेत. त्यांत बावीस वर्षांची एक तरुण माता आहे, पर्पेतुआ. आदल्या दिवसापर्यंत तिने तुरुंगातली आपली हकीकत स्वतः लिहून ठेवली होती. ती हकीकत आजही उपलब्ध आहे. (थ्रेड)

२/
आरंभी एका शब्दाविषयी. ग्रीक भाषेत 'मार्तुस' म्हणजे साक्षीदार. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांना ख्रिस्ती लोक हाच शब्द लावू लागले. मराठी ख्रिस्ती परंपरेतील 'रक्तसाक्षी' या शब्दात तो मूळ अर्थ अजून टिकून आहे. बहुतेक रक्तसाक्षींची साक्ष इतरांनी, पुष्कळदा शतकांनंतर लिहिली. पर्पेतुआच्या बाबतीत साक्षीदाराचे स्वतःचे शब्द आपल्या हाती आहेत. त्या शब्दांचे पुढे काय झाले, हाही तिच्या इतिहासाचाच भाग आहे.

३/
कार्थेज हे इ.स.पूर्व १४६ मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केलेले आणि पुढे त्यांनीच नव्याने वसवलेले नगर. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ते पश्चिम भूमध्य प्रदेशातील अग्रगण्य शहरांत गणले जाई. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस (कारकीर्द १९३ ते २११) हा स्वतः आफ्रिकेतील लेप्टिस माग्ना येथला. साहजिकच त्याच्या घराण्याचे उत्सव या प्रांतात थाटामाटाने होत.

४/
याच प्रांतात ख्रिस्ती समाज वाढत होता. १७ जुलै १८० रोजी स्किली गावच्या बारा ख्रिस्ती स्त्री-पुरुषांना कार्थेजमध्ये देहदंड झाला. त्या खटल्याचा संक्षिप्त वृत्तान्त हा लॅटिन ख्रिस्ती वाङ्मयातील तारीख निश्चित असलेला सर्वांत जुना दस्तऐवज मानतात. सेव्हेरसने साम्राज्यभर धर्मांतरबंदीचे फर्मान काढले होते का, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. त्या काळचा बहुतेक छळ स्थानिक स्वरूपाचा होता. तक्रार येई, अधिकारी चौकशी करी आणि सम्राटाच्या कल्याणासाठी देवांना बळी अर्पण करण्यास सांगे. नकार दिला की शिक्षा.

५/
२०३ मध्ये पकडले गेलेले तरुण अद्याप दीक्षार्थी होते, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणारे. त्यांत रेवोकातुस आणि फेलिसितास हे दोघे गुलाम, सातुर्निनुस, सेकुंदुलुस आणि विबिया पर्पेतुआ होती. पर्पेतुआ कुलीन घरातली, सुशिक्षित, विवाहित. तिच्या अंगावर पिणारे तान्हे मूल होते. त्यांचा गुरू सातुरुस अटकेच्या वेळी तेथे नव्हता. आपले शिष्य पकडले गेल्यावर तो आपण होऊन स्वाधीन झाला. गुलाम आणि मालकवर्गातली स्त्री एकाच कोठडीत, एकाच आरोपाखाली होती.

६/
या घटनेचा लॅटिन वृत्तान्त 'पासियो' या नावाने ओळखला जातो. त्यात तीन लेखक आहेत. आरंभ आणि शेवट एका अनाम संपादकाचा. मधला मोठा भाग पर्पेतुआचा, प्रथमपुरुषी. त्यानंतर सातुरुसने लिहिलेले एक स्वप्नदर्शन. पर्पेतुआचा मजकूर आपण तिने ठेवला तसाच देत आहोत, असे संपादक स्पष्ट सांगतो. ख्रिस्ती स्त्रीच्या लेखणीतून उतरलेले याहून जुने गद्य क्वचितच सापडेल.

७/
तिच्या हकीकतीचा आरंभ न्यायालयात किंवा रिंगणात होत नाही. तो होतो वडिलांशी झालेल्या वादाने. मुलीने धर्म सोडावा म्हणून वडील गळ घालतात. ती जवळच्या एका भांड्याकडे बोट दाखवते आणि विचारते, याला भांडे सोडून दुसरे कोणते नाव देता येईल का? नाही, असे वडील म्हणतात. तसे मीही ख्रिस्ती आहे, दुसरे काही म्हणवून घेऊ शकत नाही, असे ती सांगते. संतापलेले वडील तिच्या अंगावर धावून जातात आणि मग निघून जातात. काही दिवस ते आले नाहीत, तेव्हा आपल्याला बरे वाटले, हेही ती न लपवता लिहिते.

८/
नंतर तुरुंग. असा अंधार तिने पूर्वी कधी अनुभवला नव्हता. दाटीवाटीने होणारा उकाडा, शिपायांची पैशांसाठी दमदाटी आणि या सगळ्यावर बाळाची काळजी. तेर्तिउस आणि पोंपोनिउस या दोन उपधर्मगुरूंनी लाच देऊन कैद्यांना काही तास तुरुंगाच्या बऱ्या भागात आणवले. तेथे तिने भुकेने अर्धमेल्या झालेल्या बाळाला पाजले. पुढे बाळाला जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली, तेव्हा तिला तो तुरुंग राजवाड्यासारखा वाटू लागला. धर्मतत्त्वांची चर्चा या लेखनात थोडी आहे. दूध, भूक, उष्मा आणि भीती पुष्कळ आहे.

९/
भावाने तिला दर्शन मागायला सांगितले. त्या रात्री तिला आकाशाला भिडलेली, एका वेळी एकच माणूस चढेल इतकी अरुंद कांस्याची शिडी दिसली. दोन्ही कडांना तलवारी, भाले, आकडे आणि सुरे जडवलेले. पायथ्याशी एक अजगर. सातुरुस आधी चढून गेला. तिने अजगराच्या डोक्यालाच पहिली पायरी केली आणि ती वर पोहोचली. वर एका विस्तीर्ण बागेत मेंढपाळाच्या वेषातला पांढऱ्या केसांचा पुरुष मेंढ्यांचे दूध काढत होता. त्याने दिलेला दुधाच्या चक्क्याचा घास तिने ओंजळीत घेऊन खाल्ला. जाग आली तेव्हा तोंडात गोडवा होता. आता सुटका नाही, हे भावा-बहिणीला उमगले.

१०/
खटल्याची वार्ता पसरली आणि वडील पुन्हा आले. या वेळी राग नव्हता. माझ्या पिकल्या केसांची दया कर, आई-मावशीकडे पाहा, तुझ्यावाचून जगू न शकणाऱ्या बाळाकडे पाहा, अशी विनवणी करत त्यांनी तिचे हात चुंबले, पायांवर लोळण घेतली. मुलीला ते मुलगी न म्हणता 'स्वामिनी' म्हणू लागले. रोमन कायद्यात कुटुंबप्रमुख पित्याची सत्ता केवढी होती, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रसंगाचे वजन कळते. ज्याच्या शब्दापुढे घराने मान तुकवायची, तो मुलीच्या पायांशी होता. तिला त्यांचे दुःख झाले. निर्णय मात्र बदलला नाही.

११/
सुनावणी भर चौकात, जमावासमोर झाली. प्रांताधिपती नुकताच वारला असल्याने अधिकार हिलारियानुस या अधिकाऱ्याकडे होता. वडील बाळाला घेऊनच पुढे आले. हिलारियानुसनेही तिला पित्याची आणि मुलाची दया करण्यास सांगितले. सम्राटांच्या कल्याणासाठी बळी अर्पण केला असता तर प्रकरण तेथेच संपले असते. तिने नकार दिला. वडील मध्ये पडत राहिले, तेव्हा अधिकाऱ्याच्या हुकमाने त्यांना काठीने मारण्यात आले. तो मार आपल्यालाच बसल्यासारखा वाटला, असे ती नोंदवते. सर्वांना पशूंपुढे टाकण्याची शिक्षा झाली.

१२/
शिक्षेनंतर तिने बाळाला परत मागितले. वडिलांनी दिले नाही. त्या दिवसापासून बाळाने अंगावर पिणे सोडले आणि तिच्या स्तनांनाही ठणका लागला नाही; ही तिला देवाची कृपा वाटली. दूध दाटण्याची वेदना आणि मुलाची काळजी या दोन्हींतून आपण एकाच वेळी सुटलो, ही नोंद तिने अगदी साधेपणाने केली आहे. हे लेखन एका मातेचेच असावे, असे अनेक अभ्यासकांना अशा जागांमुळे वाटते.

१३/
आणखी एक दर्शन तिच्या दिवंगत भावाचे. दिनोक्रातेस सातव्या वर्षी चेहऱ्यावरच्या भयंकर व्रणाने वारला होता. तो तिला अंधारात, तहानलेला दिसला. पाण्याचे कुंड समोर होते, पण काठ त्याच्या उंचीहून वर. तिने अनेक दिवस त्याच्यासाठी प्रार्थना केली. मग तो पुन्हा दिसला, या वेळी स्वच्छ. व्रणाच्या जागी फक्त वण होता. कुंडाचा काठ खाली आला होता आणि पाणी पिऊन तो लहान मुलासारखा खेळायला निघून गेला. या छोट्या प्रसंगाने पुढे मोठा धर्मशास्त्रीय वाद उभा केला.

१४/
मृत्यूच्या आदल्या दिवशीचे दर्शन सर्वांत विलक्षण. रिंगणात तिच्यासमोर एक इजिप्ती मल्ल उभा आहे. तिची वस्त्रे उतरवली जातात आणि ती पुरुष होते. अंगाला तेल चोळले जाते, कुस्ती होते, ती त्याचे डोके पायाखाली दाबते. सोन्याची सफरचंदे लागलेली हिरवी फांदी तिला बक्षीस मिळते. आपली झुंज पशूंशी नसून सैतानाशी आहे, असा अर्थ ती लावते. तिचा मजकूर येथे थांबतो. उद्या काय होईल ते ज्याला हवे त्याने लिहावे, अशा आशयाची सूचना करून तिने लेखणी खाली ठेवली.

१५/
यापुढचे संपादक सांगतो. फेलिसितास आठ महिन्यांची गर्भवती होती. गर्भवतीला देहदंड देण्यास रोमन कायद्याची मनाई असल्याने तिची शिक्षा लांबली असती आणि तिला पुढे अपरिचित गुन्हेगारांबरोबर मरावे लागले असते. साथीदारांनी प्रार्थना केली आणि खेळांच्या दोन दिवस आधी तिला कळा सुरू झाल्या. आत्ताच एवढी ओरडतेस, मग पशूंपुढे काय करशील, असे एका पहारेकऱ्याने हिणवले. आत्ताचे दुःख माझे मी सोसते आहे, तेव्हा मात्र माझ्यासाठी सोसणारा दुसरा माझ्यात असेल, असे उत्तर तिने दिले. मुलगी झाली. तिला एका ख्रिस्ती भगिनीने वाढवले.

१६/
पर्पेतुआ अखेरपर्यंत हक्काने बोलत राहिली. कैद्यांचे हाल करणाऱ्या अधिकाऱ्याला तिने सुनावले की, सीझरच्या वाढदिवशी झुंजणारे कैदी धष्टपुष्ट दिसले तर त्यात त्याचीच शोभा नाही का? अधिकारी ओशाळला आणि वागणूक सुधारली. खेळांच्या दिवशी पुरुषांना सातुर्न देवाच्या पुजाऱ्यांचा आणि स्त्रियांना सेरेस देवीच्या उपासिकांचा वेष चढवण्याचा प्रयत्न झाला. या देवांची पूजा करायची नाही म्हणून तर आम्ही प्राण देत आहोत, हा तिचा युक्तिवाद होता. तोही मान्य करावा लागला.

१७/
सेकुंदुलुस आधीच तुरुंगात वारला होता. उरलेले पाच जण रिंगणात आले. पुरुषांवर बिबट्या, अस्वल आणि रानडुक्कर सोडण्यात आले. दोघी स्त्रियांसाठी मुद्दाम पिसाळलेली गाय आणली होती. प्रथम त्यांना विवस्त्र करून जाळ्यांत गुंडाळून आणले. एक कोवळी तरुणी, दुसरी नुकतीच बाळंत झालेली, स्तनांतून दूध ठिबकणारी. हे पाहून रक्ताला सरावलेला जमावही शहारला. मग त्यांना मागे नेऊन सैल अंगरखे घालण्यात आले.

१८/
गायीने पर्पेतुआला उधळले. उठल्यावर तिने फाटलेला अंगरखा मांडीवर ओढला आणि सुटलेले केस पुन्हा बांधले. मोकळे केस हे शोकाचे चिन्ह, आणि तिच्या लेखी तो दिवस शोकाचा नव्हता. मग तिने फेलिसितासला हात देऊन उठवले. शेवटी सर्वांचा तलवारीने वध झाला. पर्पेतुआच्या वाट्याला नवशिका ग्लॅडिएटर आला. पहिला वार हाडावर बसला आणि ती किंचाळली. नंतर त्याचा थरथरता हात तिने स्वतःच आपल्या गळ्यावर आणला.

१९/
हे सारे विश्वसनीय मानावे का? संपादकाचा भाग उघडपणे श्रद्धाळू आहे; त्यात घटनांना आदर्शाचा साचा आहे. पर्पेतुआच्या भागाची भाषा वेगळी आहे. वाक्ये लहान, 'आणि'ने जोडलेली, अलंकारहीन. संपादकाच्या अलंकारिक लॅटिनपासून ती सहज ओळखू येते. कार्थेजचाच लेखक तेर्तुलियन याने काही वर्षांतच तिच्या दर्शनाचा उल्लेख केला. हा संपादक तेर्तुलियनच असावा, असेही काहींनी सुचवले, पण ते सिद्ध झालेले नाही. रोजनिशी हीच मुळी साहित्यिक रचना असावी, असे मानणारे अभ्यासकही आहेत. बहुसंख्यांचा कौल मात्र ती खरी असल्याच्या बाजूने आहे.

२०/
आता पूजनाकडे. आरंभीच्या ख्रिस्ती समाजात रक्तसाक्षीचा मृत्युदिन हाच 'जन्मदिन' म्हणून पाळला जाई. थडग्यापाशी जमायचे, वृत्तान्त मोठ्याने वाचायचा, प्रार्थना करायची. इ.स. ३५४ च्या रोमन पंचांगात ७ मार्चला पर्पेतुआ आणि फेलिसितास यांची नोंद आहे. म्हणजे आफ्रिकेतला हा सण तोवर रोमपर्यंत पोहोचला होता. या वार्षिक वाचनाच्या प्रथेमुळेच रोजनिशीच्या प्रती होत राहिल्या. उपासना नसती तर हे शब्द बहुधा उरले नसते.

२१/
त्याच उपासनेने या शब्दांना मर्यादाही घातल्या. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४ ते ४३०) याची या सणावरची प्रवचने उपलब्ध आहेत. दोघींची नावे जोडली की 'अखंड सौख्य' असा अर्थ होतो, ही कोटी त्याला प्रिय होती. त्याच्या मते स्त्रिया दुर्बल, म्हणून त्यांचा विजय अधिक गौरवाचा. पण बाप्तिस्मा न झालेल्यांनाही मुक्ती मिळते, हे सिद्ध करण्यासाठी एकाने दिनोक्रातेसचे उदाहरण दिले, तेव्हा ऑगस्टीन सावध झाला. हे लेखन म्हणजे धर्मशास्त्र नव्हे, असे त्याने बजावले. शिवाय ते पर्पेतुआने लिहिले असो वा आणखी कोणी, अशा अर्थाचे शब्दही जोडले. ती पूज्य होती. तिचे म्हणणे प्रमाण नव्हते.

२२/
याहून मोठा बदल 'आक्ता' नावाच्या संक्षिप्त आवृत्त्यांनी केला. समकालीन पत्र आणि पुढे लिहिलेली बखर यांतला फरक मराठी इतिहासाच्या वाचकाला सांगावा लागत नाही. येथेही तसेच आहे. रोजनिशीत पतीचा उल्लेख कोठेच नाही. आक्तामध्ये तो आई-वडिलांसह हजर होतो. रोजनिशीतील पर्पेतुआ बाळासाठी तळमळते. आक्तातील पर्पेतुआ बाळाला दूर लोटून नातलगांना झिडकारते. घटना तर पन्नास वर्षे पुढे, सम्राट व्हालेरियनच्या काळात नेऊन ठेवली आहे. मध्ययुगात मूळ वृत्तान्तापेक्षा या लहान, सोप्या आवृत्तीच्याच प्रती कितीतरी अधिक झाल्या.

२३/
चित्रकलेतही तेच घडले. इटलीतील रावेन्ना येथे सांत आपोलिनारे नुओवो चर्चमध्ये सहाव्या शतकातील सुवर्णझळाळीची भित्तिचित्रे आहेत. त्यांत पर्पेतुआ आणि फेलिसितास एकसारखा राजवेष घालून, हातांत मुकुट घेऊन चालल्या आहेत. ती मिरवणूक ओळखली जाते 'कुमारिकांची मिरवणूक' म्हणून. एक तान्ह्या मुलाची आई, दुसरी ओली बाळंतीण. पण आदर्शाच्या रांगेत दोघींचे मातृत्व आणि त्यांच्यातले कुलीन स्त्री आणि गुलाम स्त्री हे अंतर दोन्ही पुसले गेले.

२४/
मूळ आवाज परत आला तो सतराव्या शतकात. व्हॅटिकनचा ग्रंथपाल लुकास होल्स्टेनियस याला मोंते कासिनोच्या मठात सविस्तर लॅटिन पासियोचे हस्तलिखित सापडले. त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये, ते छापले गेले. १८८९ मध्ये रेंडेल हॅरिस यांना जेरुसलेममध्ये ग्रीक रूप मिळाले. पाचव्या शतकातील लेखक व्हिक्टर याने या दोघींची थडगी कार्थेजच्या एका बॅसिलिकेत असल्याचे लिहिले होते. १९०७ मध्ये पाद्री देलात्र यांच्या उत्खननात त्या परिसरात सहाही साथीदारांची नावे असलेला, तुकडे झालेला उत्तरकालीन शिलालेख मिळाला. रेवोकातुस, सातुर्निनुस, सेकुंदुलुस ही सणाच्या नावातून गळालेली नावे दगडावर शाबूत होती.

२५/
रोमन मिस्साविधीच्या प्राचीन प्रार्थनेत सात स्त्री-संतांची नावे येतात. त्यांत या दोघी आहेत. ती प्रार्थना पूर्ण रूपात म्हटली जाते तेव्हा वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्येही त्यांचे स्मरण होते. थॉमस अक्वायनसचा सणही ७ मार्चलाच येत असल्याने त्यांचा दिवस काही काळ ६ मार्चला हलवला होता. १९६९ च्या पंचांग-सुधारणेत तो मूळ तारखेवर परत आला.

२६/
आणि गेता? ज्याच्या वाढदिवसासाठी हे सारे झाले, त्याला डिसेंबर २११ मध्ये सख्खा भाऊ काराकाला याने मारवले. गेताचे नाव शिलालेखांतून छिनून काढण्याचा आणि त्याचा चेहरा चित्रांतून खरवडण्याचा हुकूम सुटला. बर्लिनमधील सेव्हेरस कुटुंबाच्या चित्रात त्याच्या जागी आजही डाग आहे. सम्राटाच्या मुलाची स्मृती सत्तेने एका हुकमात पुसली. पर्पेतुआची स्मृती पुसण्याचा कोणी प्रयत्न केला नाही. भक्तांनी ती अधिकाधिक सजवली, आणि त्या सजावटीखाली मूळ स्त्री अनेक शतके झाकली गेली.

२७/
तिच्या मुलाचे नाव रोजनिशीत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर आईला शिक्षा झाली, आजोबांना मार बसला; पुढे त्याच्याविषयी एकही ओळ नाही. पर्पेतुआला संत म्हणून वंदन करणारा आणि केवळ इतिहासातील व्यक्ती म्हणून अभ्यासणारा, दोघांनाही शेवटी त्याच काही पानांपाशी यावे लागते. तेथे एक बावीस वर्षांची स्त्री बाळाची भूक, वडिलांचे पांढरे केस आणि कोठडीतला अंधार नोंदवते आहे. (समाप्त)